हळदीचे टी-शर्ट

मुलगा गेल्यावर सुनेने दारात रांगोळी काढणं थांबवलं. वर्षभर घरात सणवार करायचा नाही, तेव्हा ते रीतीला धरूनच होतं. पण तिच्या हाताला रोजची सवय होती. दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून ती बोटाने लाकडावर ठिपके मांडायची, ते जोडायची, आणि कोणी खोलीत आलं की हात मांडीवर घ्यायची.

मुलगा नवा रायपुरातल्या एका कार्यालयात कामाला होता. एका संध्याकाळी तो घरी आला, जेवला, छातीत जड वाटतंय म्हणाला, आणि एवढंच. त्यानंतर मला वाचता येईनासं झालं. आयुष्यभर शाळेत हिंदी शिकवली, घरी मराठी पुस्तकं जमवली. आता पुस्तक उघडलं की तेच पान समोर राही आणि चहा निवून जाई.

सुनेचा भाऊ राजनांदगावहून तिला न्यायला येऊन गेला होता. वाईट मनाने नव्हे. बहिणीने इथे बसून काय करावं, हा त्याचा प्रश्न खराच होता. ती म्हणाली, "भैया, मले थोडा वेळ दे. काही जमलं तर इथंच राहीन, नाही तर येते." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, मी टी-शर्ट बनवून विकू का? लोक सांगतील तसे, नाव टाकून, चित्र टाकून."

"इथं कोन घालते टी-शर्ट?" बायको म्हणाली. "तुझे सासरे तर झोपतानाही सदरा घालतात."

"आई, यांना नाही विकणार."

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरात मग हीट प्रेस आला. तापलेल्या लोखंडी पाटाचं ते यंत्र. हँडल ओढलं की पाट शर्टावर दाबला जातो. सोबत एक छोटं यंत्र होतं, ते व्हिनाइलच्या, म्हणजे रंगीत प्लास्टिकच्या, पातळ पापुद्र्यातून अक्षरं कापायचं. कूलर आणि प्रेस एकत्र लावले की घरातली वीज जायची, म्हणून छपाईच्या वेळी कूलर बंद. उन्हाळा तोंडावर होता. बायको पदराने वारा घेत म्हणायची, "दुकान नाही, भट्टी लावली पोरीनं."

पहिलं काम मीच आणलं. तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या माझ्या मित्रांना 'सुबह के साथी' असं लिहिलेले शर्ट हवे होते. सुनेने लॅपटॉपवर अक्षरं मांडली आणि स्वयंपाक चढवायला जाताना म्हणाली, "बाबा, एकदा बघून घ्या." मी पाहिलं तर सगळी ओळ उलटी, आरशात दिसावी तशी. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेला माणूस मी; उलटं अक्षर दिसल्यावर हात थांबणार कसा? पडद्यावर फिरवण्याचं बटण सापडलं. ओळ सरळ केली आणि समाधानाने उठलो.

व्हिनाइल शर्टावर पालथं घालून दाबतात, म्हणून अक्षरं आधी उलटीच कापावी लागतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नमुन्याचा शर्ट प्रेसमधून बाहेर आला तेव्हा त्यावरचं मला वाचता येईना. मित्रांना दाखवला तर एकाने तो काढून घेतला. "रहने दो सर, इसको मैं दाढ़ी बनाते टाइम पढ़ूँगा." घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सून ओट्याला धरून हसली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

मग मला वेगळं काम मिळालं. कापलेल्या व्हिनाइलमधला नको असलेला भाग चिमट्याने सोलून काढायचा. 'स'ची गाठ, 'थ'चा वळसा, 'ब'च्या पोटातला तिरका तुकडा. घाई केली की अक्षरच उचकटतं. खिडकीशी बसून मी ते करायचो आणि दुपार कशी जायची ते कळायचं नाही.

कॉलेजच्या मुलांची कामं आली, एका क्रिकेट संघाचं आलं. पण सून म्हणायची, ही मंडळी वर्षातून एकदा येतात. खरं काम लग्नांचं. हल्ली हळदीला नवरीकडचे सगळे एकसारखे पिवळे शर्ट घालतात. "लग्नवाले आले तरच हे चालेल, बाबा. नाही तर भैया बरोबर बोलून राहिला."

आणि शंकर नगरातून एका बाईंचा फोन आला. भाचीची हळद होती. नमुना बघायला त्या घरीच येणार होत्या.

त्या रात्री बायको ताटं आवरता आवरता मला म्हणाली, "फोटो आतल्या खोलीत ठेवू." समोरच्या खोलीत मुलाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. "बाई येईन, हार पाहीन, मग पोरीकडे पाहीन. हळदीचं काम आहे. तिच्या हाताले नाव ठेवलं तर मले सहन नाही होणार."

सुनेने ऐकलं होतं. ती दारात येऊन म्हणाली, "आई, फोटो तिथंच राहू द्या. लपवून काम घेतलं तर रोज लपवावं लागेल."

बाई आल्या. बोलक्या, मोकळ्या. नमुना त्यांना फार आवडला. सुनेने छातीवर हळदीच्या पानांची वेल काढली होती आणि तिच्या मधोमध 'नवरीकडचे'. शर्ट खांद्याला लावून त्या आरसा शोधायला वळल्या आणि फोटोसमोर आल्या.

"हे?"

"माझे मिस्टर," सून म्हणाली. "कार्तिकात गेले."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, ते खोटं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, मी नाही मानत हे सगळं. पण नवरीची आजी आहे घरात. असं करता येईल का? डिझाइन हिचंच, फक्त ते हँडल तुम्ही ओढा. म्हणजे कोणी विचारलं तर सांगता येईल."

मी चटकन बोलणारा माणूस नाही. हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणालो, "ताई, तो माझाही मुलगा होता."

बाईंनी मान खाली घातली. त्यांना दुखवायचं माझ्या मनात नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की एकाच माणसाचं दुःख दोघांच्या हातात होतं आणि माझा हात चालत होता, तिचा नाही.

सून शर्टाची घडी करत म्हणाली, "ताई, मशीन मीच चालवते. बाबांनी दाबलं तर ती ऑर्डर बाबांची झाली. तुम्ही घरी विचारा. नाही म्हटलं तरी मले राग नाही येणार, खरंच."

बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तिसऱ्याही नाही. सुनेने पिवळे शर्ट पंडरीच्या कापडबाजारातून आधीच आणून ठेवले होते. ते कोपऱ्यात पिशवीत होते आणि आम्ही तिघंही त्या कोपऱ्याकडे न बघता वावरत होतो. भावाचा मात्र फोन आला. सून गच्चीवर जाऊन बोलली.

मग नवरीनेच फोन केला. "दीदी, शर्ट आप ही बनाइए, अपने हाथ से. मौसी फालतू डर गई थी." पुढचं ती न्यायला आली तेव्हा कळलं. मावशीने घाबरत घाबरत आजीला विचारलं होतं. आजी म्हणाल्या, माझ्या लग्नाची हळद माझ्या विधवा आत्याने दळली, मागच्या खोलीत दार लावून. घरात दुसरं कोणाला तेवढी बारीक दळता येत नव्हती. मांडवात मात्र तिला येऊ दिलं नाही.

शर्ट छापले त्या दिवशी कूलर बंद होता. सून हँडल ओढायची, मी सोललेली वेल तिच्या हाती द्यायचो, बायको घड्या घालायची. भट्टी म्हणाली नाही ती.

नवरी स्कूटीवरून एकटीच आली. आजींची गोष्ट सांगून झाल्यावर तिने एक शर्ट तिथेच कुर्त्यावरून घातला आणि सुनेकडे पाठ करून उभी राहिली. "दीदी, पीछे से ठीक है?"

मागून शर्ट खांद्यावर गोळा झाला होता. सुनेचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. इतकं बोलूनही थांबला.

"बघत काय राहिली?" बायको म्हणाली. "ओढ ना खाली. वर चढून राहिला तो."

सुनेने दोन्ही हातांनी नवरीच्या खांद्यांवरून शर्ट सरळ केला, पाठीवरून तळवा फिरवत पार खालपर्यंत.