चावडी खाली, वस्ती वर

आटपाडीकडच्या आमच्या गावात पाण्याचा टँकर चावडीपुढं थांबायचा. आमची वस्ती दक्षिणेला, ओढ्यापलीकडं. बायका हंडे घेऊन पोचेपर्यंत टँकरात उरायचा तो गंज. तालुक्याच्या कचेरीत मी यावर चार निवेदनं दिली. चळवळीची पत्रकं लिहून हात तयार झालेला, त्यामुळे प्रत्येकात ‘अन्याय’ हा शब्द पाचदा होता. साहेबांनी एकही वाचलं नाही.

तेव्हा मी सांगलीत कम्प्युटरच्या क्लासला जायचो. चपला दाराबाहेर काढायच्या, यंत्राला धूळ चालत नाही म्हणे. आजोबांनी देव सोडले होते. नातवाला हे नवं देऊळ सापडलं. सर बेसिक नावाची कम्प्युटरची भाषा शिकवायचे. मला सी शिकायची होती, तीही गावाचा नकाशा काढायला. प्रत्येक घरापासून टँकरपर्यंत एक रेघ, बस्स.

सर म्हणाले, “सी शिकून लोक अमेरिकेला जात्यात. तू वड्यापलीकडं चाललाईस व्हय?”

पुस्तक उसनं आणून शिकलो. भाषा थेट कचेरीच्या वळणाची निघाली. एक अर्धविराम राहिला की अर्ज परत. पण चूक कुठल्या ओळीच्या आसपास आहे, एवढं तरी ती सांगायची. अंतरं मी पावलांनी मोजली होती. महिनाभरानं रेघा उमटल्या. कागद छापून घरी नेला.

आईला अक्षर येत नाही, गाव येतं. म्हणाली, “आपली घरं वर कशी रं? आन् चावडी खाली घातलीस.”

शाळेत आलेख खालून वर मोजायचा, पडद्यावर वरून खाली. मी शाळेतला हिशेब लावून बसलो होतो, म्हणून दक्षिण वर गेली. दुरुस्ती एका ओळीची, पण क्लास पुढच्या आठवड्यात आणि टँकरचे थांबे दुसऱ्याच दिवशी ठरणार. तोच कागद नेला.

कम्प्युटरचा कागद म्हटल्यावर साहेबांनी चष्मा लावला. चार निवेदनांच्या नशिबी तो आला नव्हता. बोट साहजिकच सगळ्यात वर टेकलं.

“एवढ्या लांब रेघा? कुणाची घरं ही?”

“आमची.”

“मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय?”

चार निवेदनांच्या पोचा मी खिशातच ठेवल्या. पत्रकं वाटणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नसते.

टँकर आधी आमच्या वस्तीवर थांबू लागला. पुढच्या आठवड्यात ती ओळ घालून मी नकाशा सरळ केला. भाषा शिकायची तर चूक ठेवून चालत नाही. साहेबांना मात्र तो दाखवला नाही.

मग चावडीकडच्यांनी निवेदन दिलं. त्यात ‘अन्याय’ सहादा होता. बिचाऱ्यांनी हातानं लिहिलं होतं.