‘पारंपरिक’ म्हणजे सोनूबाय

सोनूबाय आज सकाळी गेली, आणि मला रडू नाही, राग येतोय.

सकाळपासून ग्रुपवर ती लिस्ट फिरतेय. ‘एटीजचे सगळ्यात महत्त्वाचे मराठी अल्बम.’
चौथ्या नंबरवर ‘सारसोळ्याची हळद’.
पुढे कंसात, गीत-संगीत: पारंपरिक.
त्यावर तुमचे बदाम. ‘काय दिवस होते यार!’

डोंबलाचे दिवस.

त्या कॅसेटमधलं एकही गाणं पारंपरिक नाही. शब्द सोनूबायचे, चाली सोनूबायच्या, आवाज तिचाच.

सारसोळे कोळीवाड्याची धवलारीण ती. लग्नात हळदीची गाणी म्हणायचा मान तिचा. एरवी आमच्या नेरूळच्या नव्याकोऱ्या बिल्डिंगमध्ये मासे विकायची.

मग तो शब्द कव्हरवर लिहिणारं गाढव कोण?

मी.

माझं अक्षर छान, म्हणून आमच्या बिल्डिंगखालच्या कॅसेटवाल्या शेठने कव्हर माझ्याकडून लिहून घेतलं. त्याने तिला विचारलं, “बाई, ये गाना किसका है?”
सोनूबाय ताठ मानेने म्हणाली, “आमचंच हाय.”

आमचं.
माझी आई ‘आमचं डोकं दुखतंय’ म्हणायची, तेव्हा अख्ख्या चाळीचं दुखत नव्हतं. एवढं मराठी मला कळत होतं ना?
पण समोर कोळीण होती. मी ‘आमचं’ म्हणजे गावाचं असं धरलं आणि झोकात लिहिलं, ‘पारंपरिक’. बी.ए. मराठी, फर्स्ट क्लास.

कॅसेट छापून आली. सोनूबायला वाचता येत नव्हतं.
“ताई, माजं नाव कुटं हाय?”

माझी चूक तेव्हा माझ्या लक्षात आली. हजारभर कव्हरं छापून झाली होती. मी त्या शब्दावर बोट ठेवलं.
“हे काय, इथे.”

पुढे कितीतरी वर्षं ती प्रत्येक लग्नात ते कव्हर दाखवत फिरली. “ह्ये बग, ह्ये माजं नाव.”

मग तिची नात शाळेत जायला लागली. तिने वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सोनूबाय नेहमीसारखी दारात आली. एका बोंबलावरून अख्ख्या बिल्डिंगशी भांडणारी बाई. माझा उद्धार करेल म्हणून मी तयारीत होते.
तिने मासे तोलून दिले.
फक्त त्या दिवसापासून मला ‘ताई’ म्हणायची बंद झाली. ‘मॅडम’ म्हणायला लागली.

शेवटपर्यंत मॅडमच.

आणि मी? सीवूड्सला राहायला आले तरी मासे तिच्याकडूनच घ्यायचे. एकदाही माफी मागितली नाही. लाज वाटायची म्हणे. चुलीत गेली ती लाज.

तेव्हा ती लिस्ट फॉरवर्ड करायचीच असेल, तर आधी दुरुस्त करा.

सारसोळ्याची हळद.
गीत: सोनूबाय.
चाल: सोनूबाय.
आवाज: सोनूबाय.

आणि माझ्या सांत्वनाला इथे कोणी ‘रिप’ लिहू नका. तिचं नाव लिहा. नीट.

सोनूबाय, चुकले गं. ये आता.