कारण न सांगता

कळव्याची माणसं रोज ठाण्याला जातात. कुणी बाजारहाटाला, कुणी कोर्टात, कुणी नुसतं तलावपाळीवर बसायला. पण "त्याला ठाण्याला नेलंय" असं कुणाबद्दल आवाज खाली करून म्हटलं, की ऐकणारा पुढचं विचारत नाही. मनोरुग्णालयाबद्दल बोलणं चाललंय, हे त्याला कळतं. अमृता आपल्या धाकट्या भावाला, रत्नदीपला, कित्येक वर्षं दर महिन्याला ठाण्याला नेत होती आणि तिने ते कुणालाही कळू दिलं नव्हतं.

हे जमलं ते एका रजेमुळे. अमृता डोंबिवली एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिपा सरकत यायच्या. एखाद्या कप्प्यात गोळी नसेल किंवा तुटलेली असेल, तर ती स्ट्रिप उचलून बाजूला टाकायची, हे तिचं काम. नजर चांगली होती, हात जलद होता. कंपनीत युनियन होती, आणि युनियनच्या जुन्या करारात 'खाजगी रजा' नावाचं एक कलम होतं. त्या रजेचं कारण सांगावं लागत नसे. सकाळी फोन करून "आज माझी खाजगी" एवढं म्हटलं की झालं. बायका तिला गुपचूप रजा म्हणायच्या. कुणी माहेरी जायला घ्यायचं, कुणी नुसतं झोपायला. अमृता काय करते, असं तिलाही कुणी विचारलं नाही.

न सांगण्याचं कारण होतं. रत्नदीप बी.एस्सी. झालेला, त्याच एमआयडीसीत एका लॅबमध्ये कामाला लागलेला. आजार सुरू झाला तेव्हा त्याने उपचारांसाठी सुट्टी मागितली आणि साहेबांना सगळं खरं सांगून टाकलं. त्याला वाटलं, शिकलेली माणसं आहेत. ते वाकडं काही बोलले नाहीत. आधी म्हणाले, केमिकलला हात लावू नकोस. मग एका रिकाम्या टेबलावर बसवलं. मग म्हणाले, उद्यापासून आराम कर. त्या दिवशी घरी येऊन तो अमृताला म्हणाला, "ताई, तू कुणाला सांगू नकोस हां. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. तुला पण बसवतील." तिने शब्द दिला.

मग नवा करार आला. पगारवाढ चांगली होती, कॅन्टीन सुधारणार होतं. गेटवर गुलाल उडाला, युनियनचे सेक्रेटरी दौलतभाऊ स्वतः पेढे वाटत फिरले. अमृतानेही पेढा खाल्ला. खाजगी रजा गेल्याचं तिला नंतर नोटीस बोर्डावर कळलं. आता रजा आधी मंजूर करून घ्यायची, कारणासकट. अचानक रजा हवी असेल तर फक्त कुटुंबातल्या माणसाच्या आजारपणासाठी किंवा मृत्यूसाठी, आणि पुरावा द्यायचा. कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील. खोटं कारण दिलं तर गैरवर्तन.

अमृताचं लग्न झालेलं नव्हतं. वडील कधीच गेलेले. करारापुरतं तिचं कुटुंब म्हणजे एकटी आई, विमलाबाई.

काही महिने तिने कसंबसं भागवलं. आईचे गुडघे, आईचे डोळे, आईची शुगर, अशी कारणं देऊन रजा मंजूर करून घेतल्या. मग एका मंगळवारी सकाळच्या पाळीत गेटवरचा वॉचमन सांगत आला, घरून फोन आहे. मोबाइल आत न्यायला बंदी, ते लॉकरमध्ये. अमृता टोपी-मास्क काढून गेटकडे धावली.

फोनवर आई होती. "रत्नू गेला गं. दार सताड उघडं टाकून गेला. उशीच्या अभ्र्यात हात घातला तर गोळ्या. सगळ्या तिथंच. खातच नव्हता तो."

मागच्या वेळी तो असाच गेला होता तेव्हा रेल्वेच्या रुळांजवळ सापडला होता. अमृताला तेवढंच आठवलं.

सुपरवायझर सर्वेश सर वाईट माणूस नव्हते. पण नवा नियम त्यांच्या टेबलावर होता आणि वरचे लोक त्यांनाच जाब विचारत. ते म्हणाले, "आधी कळवलेलं नाहीस, म्हणजे आजारपणच लागेल. कोण आजारी आहे?"

भाऊ, हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. पण भाऊ कुटुंबात नव्हता. आणि भाऊ म्हटलं की पुढे, काय झालंय त्याला, हे आलंच.

"आई," ती म्हणाली. "बाथरूममध्ये पडली. शेजारच्या बाईंचा फोन होता."

सर्वेश सरांचा चेहरा उतरला. त्यांची आई वर्षापूर्वी अशीच पडून गेली होती. अमृता तेव्हा दुसऱ्या पाळीत होती, तिला हे माहीत नव्हतं. ते लगेच उठले. "बसने कशाला जातेस? कंपनीची गाडी घे. आणि एकटी जाऊ नकोस, पर्सोनेलच्या योगिनी मॅडमना सोबत देतो."

अमृता योगिनीच्या मागून गाडीत चढली.

गाडी शीळफाट्याला अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. योगिनी नवीन लागलेली, वयाने लहान, मायाळू पोरगी. ती सारखी काहीतरी विचारत होती. डोक्याला लागलंय का, शुद्धीवर आहेत का, बीपी आहे का. अमृता एकेक उत्तर बनवून देत होती आणि खिडकीतून रस्त्यावरचा प्रत्येक माणूस निरखत होती. रत्नदीपच्या शर्टासारखा चेक्सचा शर्ट दिसला की ती काचेजवळ सरकायची. मुंब्र्याजवळ तिला वाटलं, इथेच उतरावं, इथूनच शोधत जावं. पण आई पडलेली मुलगी मुंब्र्याला उतरून काय करणार?

"ताई, काळजी करू नका," योगिनी म्हणाली. "कळव्याच्या हॉस्पिटलात माझी मैत्रीण नर्स आहे. तिला फोन केलाय. ती स्ट्रेचर घेऊन तयार राहील."

अमृताने ओढणी तोंडाशी धरली आणि ती रडायला लागली. योगिनीला ते आईसाठी वाटलं. तिने तिचा हात हातात घेतला.

विहाराच्या मागे त्यांची चाळ. गाडी वळली तेव्हा विमलाबाई रस्त्यावरच उभ्या होत्या, अनवाणी, केस सुटलेले. अमृता खाली उतरताच त्या धावत आल्या. "खाडीपर्यंत जाऊन आले मी. नाही गं दिसला."

योगिनी गाडीच्या दाराशी थांबली. खाडीपर्यंत जाऊन आलेल्या बाईकडे तिने एकदा पाहिलं, मग अमृताकडे. "ताई, कोण नाही दिसला?"

"मॅडम, तुम्ही जा आता."

"मला काहीतरी लिहावं लागेल. खरं काय ते सांगा ना. मी बघते कसं लिहायचं ते."

"खाजगी आहे," अमृता म्हणाली.

योगिनी गाडीत बसून निघून गेली. तिने काय लिहिलं असेल हे उघड होतं. आई धडधाकट आहे, एवढंच तिला लिहिता येण्यासारखं होतं.

त्या दिवशी मायलेकी खारेगावपासून मुंब्र्यापर्यंत फिरल्या. पुलांखाली पाहिलं, रिक्षावाल्यांना विचारलं, रुळांच्या कडेकडेने चालल्या. पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, "फोटो द्या. सगळ्या ग्रुपांवर टाकतो, लवकर सापडेल." अमृता म्हणाली, तक्रार लिहून घ्या, फोटो ग्रुपवर नको. कंपनीतली निम्मी माणसं कळवा-दिव्याची. फोटो फिरला की संपलं. हवालदाराने तिच्याकडे असं बघितलं, की हिला भाऊ हवाय की नकोय.

दुसरा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी चहा गार होत पडला होता. विमलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "टाक फोटो."

"आई, त्याला शब्द दिलाय मी."

"माणूसच नाही राहिला तर शब्द कुणाशी पाळणार?"

अमृताने स्वतःच मजकूर लिहिला. नाव, शर्टाचा रंग, उंची. मग बराच वेळ थांबून पुढचं लिहिलं. 'मानसिक आजारावर उपचार चालू आहेत. दिसल्यास कृपया रागावू नका, मारू नका, धरून ठेवा.' आणि आपला नंबर टाकला.

जेवायच्या वेळेआधीच दिव्याहून तुळसा नावाच्या बाईचा फोन आला. "तो फोटोतला मुलगा आमच्या बिल्डिंगीत आहे. काल सकाळपासून टँकरचं पाणी वर चढवतोय. पैसे दिले तर घेत नाही. मला वाटलं कुणाचा पाव्हणा असेल."

दिव्याच्या त्या नव्या इमारतींत नळाला पाणी नव्हतं, लिफ्ट नव्हती. रत्नदीप जिन्यात बसला होता. हाताची सालटं निघालेली, पाय सुजलेले, बाजूला कुणाचीतरी कळशी. बहिणीला बघून तो उठला नाही.

"ताई, इथे पाणीच येत नाही गं. वरती म्हातारी माणसं आहेत. माझ्यामुळे बंद झालंय ते. मी भरून देतोय, पण पुरतच नाही."

अमृताने त्याच्या शेजारी पायरीवर बसून त्याचे हात आपल्या ओढणीत गुंडाळले. "तुझ्यामुळे नाही रे," ती म्हणत राहिली. त्याला ते पटत नव्हतं. त्याला घरी न्यायला खूप वेळ लागला, कारण उरलेला मजला भरल्याशिवाय तो हलेना. शेवटी तुळसाने आणि अमृताने मिळून त्या हंडे-कळशा वर नेल्या.

त्याला ठाण्याला दाखल करावं लागलं.

अमृता कामावर परतली तेव्हा गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना माहीत होतं. बायका बोलता बोलता गप्प झाल्या. मग एकजण फारच गोड आवाजात म्हणाली, "बरा आहे ना गं भाऊ?" हातात चार्जशीट पडलं. खोटं कारण देऊन कंपनीची गाडी वापरली, विनापरवाना गैरहजर राहिली.

चौकशीला मॅनेजर होते, सर्वेश सर होते, तिच्या बाजूने दौलतभाऊ. योगिनी कोपऱ्यात मान खाली घालून लिहून घेत होती. सर्वेश सर रागावले नाहीत, तेच वाईट. ते एवढंच म्हणाले, "मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. माझ्या आईचंच सगळं डोळ्यापुढे आलं. आणि तू..."

"सर, मला माहीत नव्हतं," अमृता म्हणाली.

दौलतभाऊंनी मॅनेजरना विचारलं, "साहेब, ती खरं बोलली असती, माझा आजारी भाऊ हरवलाय म्हणाली असती, तर करारात बसलं असतं का?"

"भाऊ व्याख्येत नाही," मॅनेजर म्हणाले. "पण विनंती केली असती तर सहानुभूतीने विचार केला असता."

"म्हणजे आधी सगळं उघडं करायचं, मग तुम्ही विचार करणार."

"करारावर तुमचीच सही आहे, दौलतराव."



नोकरी वाचली. काही दिवस निलंबन झालं आणि शेवटची ताकीद मिळाली. यापुढे एक दिवस जरी न सांगता राहिली तर घरी. बाहेर आल्यावर दौलतभाऊ म्हणाले, "कारण सांगायला कुणाला काय अडचण असणार, असं वाटलं मला तेव्हा. पगार वाढत होता. मी त्या कलमासाठी अडून बसलो नाही." अमृताने मान हलवली. तिला त्यांचा रागसुद्धा येत नव्हता.

निलंबन संपवून आली तेव्हा पट्ट्यावर दुसरीच मुलगी उभी होती. सर्वेश सरांनी तिला खोकी चिकटवायच्या टेबलावर बसायला सांगितलं. "तुझ्या डोक्याला ताप आहे सध्या. इथे लक्ष नाही लागलं तरी चालतं."

रत्नदीप घरी आला तो जाडावलेला, हळू बोलणारा. पहिल्याच रात्री जेवताना त्याने विचारलं, "कंपनीत कळलं ना?"

"कळलं. मीच फोटो टाकला. तू सापडत नव्हतास."

तो भात कालवत राहिला. "बसवलं तुला?"

"नाही. पट्ट्यावरच आहे."

विमलाबाईंनी लेकीकडे बघितलं आणि आमटी वाढायला घेतली.

पुढच्या महिन्यात ओपीडीची तारीख कामाच्या दिवशी आली. ताकीद डोक्यावर असताना रजा मागायची तिची छाती होईना. त्या दोन दिवसांच्या पायपिटीनंतर आईला जिना उतरवत नव्हता. रत्नदीप म्हणाला, "मी जातो एकटा. रिक्षाने जाईन, रिक्षाने येईन. डॉक्टरबाई पण म्हणाल्या, हरकत नाही." त्याच्या डोळ्यांत ती काही शोधत राहिली, पण औषधांनी ते डोळे इतके शांत केले होते की त्यातून काहीच कळेना. तिने हो म्हटलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दौलतभाऊ टेबलाशी आले. पुढच्या कराराच्या मागण्या आतापासून जमवत होते. "व्याख्येत भाऊ-बहीण घालायला लावतो. ते मान्य करतील बहुतेक. तुझ्यामुळेच."

"भाऊ-बहीण नका घालू," अमृता म्हणाली. "कारण विचारायचं नाही, एवढंच घाला."

"ते देणार नाहीत गं."

"नाही देऊ देत. तुम्ही घाला."

"अजून तीन वर्षं आहेत कराराला," ते म्हणाले आणि घुटमळून निघून गेले.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. रत्नदीप या वेळी रिक्षात असेल, किंवा रांगेत असेल, किंवा भलत्याच रस्त्याला लागला असेल. मोबाइल लॉकरमध्ये होता आणि पाळी सुटायला अवकाश होता. अमृताने पुढचं खोकं ओढलं. चिकटपट्टी वाकडी लागली. तिने ती सोडवली आणि पुन्हा लावली.