डिस्टिल्ड पाण्याची बरणी

"हात मागे! बरणीला शिवू नकोस!"

पहिल्याच प्रॅक्टिकलला सर ओरडले आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अंधेरीचं कॉलेज, इंटर सायन्स. डिस्टिल्ड पाण्याच्या मोठ्या काचेच्या बरणीला खाली तोटी होती. बाकीचे आपापलं पाणी घ्यायचे. माझ्या परीक्षानळीत सर हातभर उंचीवरून ओतायचे. वर्षभर! आणि मी मुकाट्यानं नळी पुढे धरायचे. जर्नलवर त्यांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि आई जोगेश्वरीच्या खाणीत खडी फोडून मला शिकवत होती.

वर्ष संपता संपता एकदा नळी नुकतीच बर्नरवरून काढलेली. "सर, गरम आहे, थांबा," म्हणेपर्यंत त्यांनी ओतलंच. काच तडकली. माझं बोट कापलं.

"तुमच्या लोकांच्या हाताचा गुणच तसा," सर म्हणाले. "रक्तातच असतं ते. शिकून जात नाही."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. अरे, याच माणसानं सकाळी शिकवलं होतं, हिरा आणि पेन्सिलीतलं शिसं, दोन्ही कार्बनच! हिऱ्यात प्रत्येक अणूनं चार शेजारी घट्ट धरलेले, म्हणून तो काच कापतो. शिशात थरावर थर सैल, म्हणून ते कागदावर झिजतं. सोडियम पाण्यात पेट घेतं, क्लोरीन छातीत गेला तर जीव जातो. दोघं जोडले की भाकरीतलं मीठ.

"सर, एकट्या अणूकडे बघून सगळे गुण सांगता येत नाहीत, असं सकाळी तुम्हीच म्हणालात." मी म्हणाले. "मग माणसाचे कसे सांगता?"

मी सरळ बरणीपाशी गेले, तोटी फिरवली, दुसरी नळी भरली. शेजारची मुलगी पुटपुटली, "अगं, वर्ष जाईल तुझं!" मला लाज वाटत होती ती इतके दिवस गप्प बसल्याची.

सरांनी माझं जर्नल बाजूला ढकललं. "सही मिळणार नाही."

"मग कारण लिहा. हिनं पाण्याच्या बरणीला हात लावला, म्हणून सही नाही. खाली तुमचं नाव घाला."

त्यांनी पेनचं टोपण काढलं, पण लिहीनात. शिवाशिव पाळणं आता गुन्हा झालाय, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तास संपला, पोरं निघून गेली. मी स्टूल ओढून त्यांच्या टेबलासमोर बसले.

"सर, सही करा, नाहीतर लिहून द्या. दोन्हीतलं एक घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही."