गुलाबजामाची मेणबत्ती

लंकाबाई घरी पोचायच्या आधी त्यांचा वास पोचायचा. कधी गुलाबजामाचा, कधी बासुंदीचा. नागापूरच्या एमआयडीसीत, मेणबत्त्यांच्या कारखान्यात त्या वितळलेल्या मेणात सुगंधी तेल घालायच्या. पाथर्डीकडची बाई, निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं, आणि आता शेजारणी विचारायच्या, "काय हो, आज काय गोडधोड?" घरात असायचं पिठलं.

यंदा पहिलटकरीण लेक सुकन्या माहेरी आली. तिसरा महिना, पोटात अन्न ठरेना म्हणून सासूनंच धाडलेली. लंकाबाई मनातून हरखल्या होत्या. ही पोर आजीपाशी वाढली. आईबाप सहा-सहा महिने उसाच्या फडावर. निघायच्या दिवशी वस्तीवरची सगळी पोरं ट्रॅक्टरपाशी रडायची, ही मात्र घरातून बाहेरच यायची नाही. लेकीला आपली माया नाही, ही सल त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. आता तरी हातानं करून घालावं, तिनं चार घास खावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

पण घास काही जाईना. मग लंकाबाईंनी काय करावं? चांगल्या वासानं भूक चाळवते, असा हिशेब करून कारखान्यातनं गुलाबजामाची मेणबत्ती आणली आणि ताटाशेजारी पेटवली. धन्य ती माउली. सुकन्या तोंडाला ओढणी लावून मोरीकडं पळाली.

परत आली ती भिंतीला टेकून बसली. "आये, लांब बस. तुझ्याजवळ बसवतच न्हाई मला. उद्या सासरी जाते मी."

लंकाबाईंनी मेणबत्ती विझवली. "जा बाई. तुला माझी माया तवाबी नव्हती, मला ठावं हाय."

"कोन म्हनलं?" सुकन्या म्हणाली. "बाहेर आले असते तर ट्रॅक्टर सोडला नसता मी. म्हनून आत बसायचे. तू गेलीस की तुझं जुनं लुगडं उशाला घ्यायचे. आजीला धुऊ द्यायचे न्हाई, वास जाईल म्हनून. आन आता तू रोज हितं हायेस, तर तुझा वासच येत न्हाई."

इतक्या वर्षांचं सगळं एकदम अंगावर आलं. लंकाबाई पदरानं नुसतं तोंड पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरवायझर सविताताईंना सांगून तेलाचं काम सोडलं, खोकी भरायचं घेतलं. घरी येऊन शिकेकाईनं न्हाल्या. गॅस असून बाहेर तीन दगडांची चूल मांडली आणि बाजरीच्या भाकरी थापायला बसल्या. धूर झाला, घाम निथळला.

सुकन्या आतून उठून आली आणि त्यांच्या पाठीला नाक लावून बसली. बसल्या बसल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. लंकाबाईंचा हात पिठातच थांबला. मागं वळून बघायचाही त्यांना धीर होईना.

"थांबू नको," सुकन्या पाठीमागून म्हणाली. "आजून एक खाईन मी."