पूजेला बसवलेला मीटर

काळुराम माझा साडू. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, शकूचा नवरा, म्हणून मानानं मोठा. आणि हा मान त्यानं कधी सोडला नाही. पंगतीत पहिलं ताट त्याचं, मटणातली नळी त्याची. मी शाळेत कारकून, त्यामुळे माझं काम काय ते सगळ्यांना ठाऊक. काळुरामचं काम मात्र आमच्या भोपर गावात कोणालाच नीट कळलं नाही. लोक म्हणायचे, तो पाइपांचे एक्सरे काढतो. ते खरंच होतं.

शीळफाट्याजवळच्या एका लहान कंपनीत तो होता. कारखान्यांत जाड पाइप एकमेकांना वेल्ड करून जोडतात. तो जोड आतून पोकळ राहिलाय का, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जोडाच्या एका बाजूला फिल्म बांधायची आणि दुसऱ्या बाजूला इरिडियम नावाच्या धातूचा तांदळाएवढा कण आणायचा. त्याचे किरण लोखंडाच्या आरपार जातात आणि फिल्मवर जोडाचं चित्र उमटतं. एरवी हा कण एका जड पेटीत कोंडलेला असतो. तिला हे लोक कॅमेरा म्हणतात. पेटीला लांब नळी जोडायची, दूर उभं राहून हँडल फिरवायचं. तारेच्या टोकाला अडकवलेला कण नळीतून जोडापर्यंत जातो. उलटं फिरवलं की परत पेटीत येतो. खरंच परत आला का, हे हातातला मीटर सांगतो. माणसाच्या अंगावर किती किरण पडले, त्याची नोंद छातीवरच्या बॅजमध्ये राहते.

मला त्यानं हे होळीजवळ उभं राहून समजावलं होतं. दोन पावलं मागे सरक, म्हणाला, धग केवढी कमी झाली बघ. आमच्या कणाचंही तसंच, लांब राहिलं की वाचलो. फरक एवढाच की होळी चटका देऊन सांगते, कण काहीच सांगत नाही. त्याचे आजोबा जन्मभर मिठागरात राबले. ऊन निदान सावलीत जा म्हणतं, असं ते सांगायचे म्हणे.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पूजतात. घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. सुताराची करवत बसते, गवंड्याची थापी बसते, माझ्या घरी बिचारा स्टेपलर बसतो. काळुराम दर वर्षी मालकाला विचारून आपला मीटर आणि बॅज घरी आणायचा. कॅमेरा कंपनीच्या खड्ड्यात कुलपात, तो काही पाटावर येत नव्हता.

गेल्या नवमीला आम्ही त्याच्याकडेच जेवायला होतो. पानं उठायच्या आत त्याच्या इंजिनियरचा, हर्षितचा फोन आला. डोंबिवली एमआयडीसीतला एक केमिकल कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता आणि जोडांच्या फिल्म आजच हव्या होत्या. काळुराम हात धुऊन पाटाकडे वळला, तशी शकू आडवी आली. पूजेतलं हत्यार उचललं की ते उलटतं, असं तिला आईनं शिकवलेलं. आम्ही सगळे तिथेच बडीशेप चघळत बसलो होतो आणि तिचं काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही. काळुरामनं हर्षितला विचारलं. तो म्हणाला, ऑफिसातला दुसरा मीटर मी आणतो, तू ये. शकूचंही मन राहिलं आणि कामही अडलं नाही.

हर्षितनं मीटर आणला, पण त्याचे सेल गेलेले. आधी काम उरकू, मग सेल बघू, असं ठरलं. आपल्याकडे ते 'मग' कधी येत नाही. काळुराम जुना गडी. हँडलचे फेरे मोजून कण परत आल्याचं ओळखायचा. त्या दुपारी फेरे बरोबर भरले. पण तारेच्या टोकापासून कण सुटला होता. तार रिकामीच परत आली आणि कण नळीच्या तोंडाशी राहिला. ती नळी काळुरामनं उजव्या मुठीत धरून एका जोडावरून सोडवली, दुसऱ्याला बांधली, मग तिसऱ्याला. हाताला ना ऊब लागली, ना मुंग्या आल्या. आवरताना पेटीचं कुलूप बसेना. कण आत असल्याशिवाय ते बसत नाही, तेव्हा दोघांचे चेहरे उतरले.

कंपनीतून शिशाचे ठोकळे आणि लांब चिमटे मागवून कण कसाबसा आत घातला. मग हर्षितनं काळुरामला बाजूला घेतलं.

"बॅज घरी आहे ना तुझा? मग तुझ्या नावावर काहीच नाही. उगाच तोंड उघडू नको."

काळुरामनं तोंड उघडलं नाही. थोड्या दिवसांनी बोटं लाल झाली, मग सुजली, मग टरटरून फोड आले. वाफेच्या पाइपाला हात लागला, असं त्यानं घरी सांगितलं. ठाण्याच्या हॉस्पिटलात तेच सांगितलं. डॉक्टर ऋजुता भल्या बाई. त्यांनी भाजलेला हात म्हणून उपचार केले, मांडीची कातडी काढून तळव्यावर लावली. ती काळी पडून गळाली. त्यांनी परत परत विचारलं, वाफच होती ना? हा परत परत हो म्हणाला. त्या दुसऱ्यांदा कातडी लावायच्या तयारीला लागल्या.

मी डबा घेऊन जायचो. चुलीवर भाजलेलं पहिल्या दिवशी सगळ्यात वाईट दिसतं आणि मग हळूहळू भरतं, हे कोणत्याही बाईमाणसाला माहीत असतं. याचं उलटं चाललं होतं. महिना उलटला तरी हात रोज थोडा जास्त मरत होता, आणि हा दातओठ आवळून गप्प. शेवटी मी चिडलो, डबा आपटला आणि खरं काय ते विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. मग डाव्या हातानं माझा शर्ट धरला.

"तिनं मना आडवलेला, भाऊ. तिला कलला त जलमभर सवताला खाईल. तू बोलू नको."

मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून त्याची माया आली. हर्षित गप्प बसवतो ते स्वतःची कातडी वाचवायला. आणि हा शहाणा बायकोचं मन वाचवायला हात कुजवत बसला होता. मी वचन-बिचन काही दिलं नाही. तसाच उठलो आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो.

डॉक्टर ऋजुतांनी त्याच दिवशी त्याला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी बंद मीटरपासून सगळं शकूसमोरच सांगितलं. किरणांनी आतल्या रक्तवाहिन्याच जळाल्या आहेत, वर कितीही कातडी लावली तरी जगणार नाही. आता विष वर चढलंय, कोपराखालून हात काढावा लागेल. आधी कळलं असतं तर बोटं गेली असती, पण तळवा आणि अंगठा बहुतेक वाचवता आला असता.

शकू खाटेजवळ उभी होती. तिनं एवढंच विचारलं, आपला मीटर सोबत असता तर हे झालं असतं का? काळुराम घाईघाईनं म्हणाला, तो मीटर बिघडलेलाच होता, नेला असता तरी बोलला नसता.

"मी पुसताना त्याचा बटन दाबला गेला," शकू म्हणाली. "चांगला टिकटिक करत होता."

काळुरामनं मान फिरवली. मला वाटलं, आता ही छाती बडवेल, जमिनीवर बसेल. ती बसली नाही. तिनं त्याच्या बँडेजच्या हाताखाली स्वतःचा हात घातला आणि तो ताटासारखा अलगद उचलून धरला.

"तुमी तवाच सांगितला असता त मी रडली असती," ती म्हणाली. "येवढाच ना? रडली असती. तुमचा हात त ऱ्हायला असता."