माश्यांची पेटी आणि ओलं सारवण

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या घरी मधमाश्यांची पेटी आली. मी आणली नव्हती. यजमान कुठल्याशा शिबिरातून मधमाश्या पाळायला शिकून आले होते, आणि नवं शिकून आलेल्या माणसाच्या अंगात जो वारा शिरतो तो त्यांच्या अंगात आठवडाभर टिकला. मग एका माशीने त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर प्रसाद दिला. नाक वांग्याएवढं झालं, वारा उतरला, आणि पेटी मागच्या अंगणात कडुनिंबाखाली, जुन्या लाकडी घडवंचीवर बेवारशी पडून राहिली. ती मी घेतली.

घेतली म्हणजे काय, त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच. मी कारंज्याच्या बाजारपेठेत वाढलेली. मेडशीजवळच्या त्या खेड्यात मला ना धार काढता येत होती, ना कापसाची पऱ्हाटी उपटता. चूल सासूबाईंची, उतरंड सासूबाईंची, गाय तर इतकी सासूबाईंची की मी जवळ गेले की शेपटीचा फटकारा ठरलेला. एका पेटीतलं मात्र त्यांनाही काही कळत नव्हतं. मला तरी कुठे कळत होतं? पण न कळण्यात आम्ही दोघी बरोबरीच्या होतो, आणि सासूशी बरोबरी एवढ्या स्वस्तात पुन्हा मिळणार नव्हती.

पेटी देणारे एक गुरुजी होते. मंगरूळकडून मोटारीने येत आणि गावोगावच्या पेट्या बघून जात. त्यांचा हिशेब रोखठोक होता. पेटी जगली तर तुमची, रिकामी झाली तर पुढच्या गावाची. मी घडवंचीच्या चारही पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि रोज त्या भरू लागले. स्वतःच्या वस्तूची काळजी घेण्यात काय सुख असतं ते मला तेव्हा कळलं.

तीळ फुलला तशी पेटी गच्च भरली. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखं काहीतरी लोंबू लागलं. माझ्या माश्या मधाची कोठारं बांधतायत, असं मी शेजारणीला ऐटीत सांगून टाकलं. आणि एका सकाळी निम्म्याहून जास्त माश्या भसाभस बाहेर आल्या, निंबाच्या फांदीला घोसाने लटकल्या, आणि जेवणवेळेपर्यंत डोंगराच्या अंगाने पसार झाल्या. मी पदर सावरत शेताच्या धुऱ्यापर्यंत धावले आणि हात हलवत परत आले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "तुह्या माशा माहेरी जाऊन राह्यल्या वाटते," त्या म्हणाल्या. मी डोळे पुसत घडवंचीखालच्या वाट्या भरायला गेले.

गुरुजी आले, त्यांनी पेटी उघडून पाहिली आणि मला धीर दिला. त्या शेंगा म्हणजे मधाची कोठारं नव्हती, राण्यांचे पाळणे होते. घर भरलं की म्हातारी राणी अर्धी प्रजा घेऊन निघून जाते, आणि भरलं घर लेकीला ठेवते. लेक पाळण्यातून बाहेर आली होती. आता ती उन्हं चांगली असताना आकाशात जाईल, तिथेच लग्न लावून परत येईल आणि अंडी घालेल. ती परतली नाही तर पेटी हळूहळू संपणार. तोवर पेटीला कोणी हात लावायचा नाही.

सासूबाई पदराआडून सगळं ऐकत होत्या. नवरी एकटीच जाते, ना वऱ्हाड ना वाजंत्री, हे त्यांना मुळीच पसंत पडलं नाही. नवऱ्याचं काय होतं, असं त्यांनी विचारलं. तो तिथेच मरतो, असं गुरुजी चाचरत म्हणाले. सासूबाईंनी ओसरीवर लोळत पडलेल्या आपल्या चिरंजीवांकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी निकाल दिला. "म्हातारी येडी होती. ह्या वयात घर सोडून कोनी जाते का? मी तं नाई जाणार कुठी."

दिवाळी तोंडावर आली. घरोघरी भिंती पोतारणं, गोधड्या धुणं, अंगण सारवणं सुरू झालं. सारवणात सासूबाईंचा हात गावात कोणी धरत नसे. त्यांनी सारवलेल्या अंगणात बोटभर जागा सुटलेली मी कधी पाहिली नाही. वाळायच्या आत त्यावर पाय ठेवला तर घरच्या मांजरालाही शिव्या बसत.

त्या दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. गोधड्या घेऊन मी नदीवर निघाले, तेवढ्यात पेटीच्या दारात एक लांबट, सडपातळ माशी आली. नवी राणीच ती. ती उडाली, पेटीकडे तोंड करून हवेत झुलली, निंबाकडे, भिंतीकडे बघून तिने खुणा पक्क्या केल्या आणि ती वर निघून गेली. मला इतका आनंद झाला की नदीवर मी गोधड्या बडवल्या की कुरवाळल्या, आठवत नाही.

परत येते तर अंगण ओलंगच्च, आरशासारखं सारवलेलं. आणि पेटी घडवंचीसकट पार गोठ्याच्या भिंतीला. निंबाखाली, पेटी होती तिथल्या रिकाम्या हवेत, माश्यांचा गोंधळलेला पुंजका भिरभिरत होता. राणी त्यांच्यात होती, की अजून वरच होती, काहीच समजत नव्हतं.

सासूबाई शेणाचे हात धूत होत्या. त्यांनी शेजारणीच्या मदतीने घडवंची उचलली होती, कारण खालची जागा सारवायची राहत होती. पेटीला हात लावलाच नाही, घडवंचीला लावला, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं.

त्या घरात तोवर मी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आत्याबाई, पोरगी लग्न लावून घरी येऊन राह्यली, अन् तुमी तिचं घरच उचलून नेलं. आता तिनं जावं कुठी?"

बोलून गेले आणि ओल्या गोधड्या दगडावर टाकून तिथेच उभी राहिले. कारंज्याला परत पाठवतात की काय, असं वाटलं. सासूबाईंनी त्या भिरभिरणाऱ्या पुंजक्याकडे पाहिलं. मग लुगड्याचा ओचा वर खोचला आणि घडवंचीची एक बाजू धरली.

"उभी काहून? धर तिकून," त्या म्हणाल्या.

सारवण ओलं आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांना दिसत नव्हतं थोडंच. त्या पुढे, मी मागे, अशा आम्ही गोठ्यापासून निंबापर्यंत त्या आरशावरून गेलो, पचपच आवाज करत. पेटी मूळ जागी टेकली आणि तो पुंजका भराभरा दारात शिरला. माझे डोळे दुखेस्तोवर मी पाहिलं, पण लांबट माशी मला काही दिसली नाही.

सगळी दिवाळी अशी टांगणीला लागून गेली. करंज्या तळतानाही माझं लक्ष मागच्या दारी. सासूबाई विचारत नव्हत्या, पण रोज घडवंचीखालच्या वाट्या मी जायच्या आधीच भरलेल्या असत. भाऊबीज उलटल्यावर मी धीर करून पेटी उघडली. पोळ्याची चौकट उन्हात धरली. घराघराच्या तळाशी एकेक अंडं उभं होतं, रव्याच्या कणासारखं. मी ओरडलेच असणार, कारण सासूबाई तोंडाला पदर गुंडाळून धावत आल्या. त्यांच्या डोळ्यांना एवढं बारीक दिसत नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

अंगणातली आमची पावलं तोवर वाळून पक्की झाली होती, त्यांची भेगाळलेल्या टाचांची आणि मागोमाग माझी. दिवाळीला आलेली प्रत्येक बाई ती बघून गेली होती. त्या दिवशी शेजारीण आली आणि म्हणाली, सण झाला, आता घडवंची बाजूला घेऊ आणि एक हात फिरवून टाकू. तिने वाकून घडवंचीला हात घातलाही.

"राहू दे वो," सासूबाई म्हणाल्या. "पेटी आमच्या सूनबाईची हाये. तिले इचारल्याबिगर हलवाची नाई."

त्या घरात माझं असं काही आहे, हे मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. मी चौकट जपून आत ठेवली, झाकण लावलं आणि त्यांच्यामागून घरात गेले. पावलं होळीपर्यंत तशीच होती.